इंग्रजीच्या मास्तरांनो, निबंधाच्या वह्या अजून तपासता का?

लालपेन

जून २००१ मध्ये शिक्षण सेवक म्हणून लागलो. सातारा जिल्ह्यातलं अनुदानित हायस्कूल, मराठी माध्यम, विषय इंग्रजी. वरिष्ठ वेतनश्रेणी मिळून जमाना झाला, निवडश्रेणीची फाईल कुठल्यातरी टेबलावर आहे. धागा पगाराचा नाही आणि पेन्शनचाही नाही, त्यावर इथे आधीच चार धागे धुमसतायत. मला वह्यांबद्दल विचारायचंय.

माझ्याकडे आठवी, नववी, दहावी. तुकडीत साठच्या आसपास पोरं. आठवड्याला प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यानं एक पान इंग्रजी लिहायचं ठरवलं, तर १८० पानं. पानाला तीन मिनिटं धरा, नऊ तास झाले. हे नऊ तास वेळापत्रकात कुठेच नाहीत. ऑफ तासिका मिळते ती बदली तासाला जाते, नाहीतर 'आज पाचच्या आत माहिती भरा' अशा व्हॉट्सअ‍ॅप आदेशाला.

मग आपण काय करतो? फळ्यावर एक पत्र लिहितो, पोरं उतरवून घेतात, आपण खाली तारीख टाकून सही करतो. तपासणीला साहेब आले की वह्या पूर्ण. याला लेखन शिकवणं म्हणायचं का?

गेल्या महिन्यात नववीला 'लक्षात राहिलेला दिवस' दिला. गाईड बघायचं नाही, असं बजावून. बऱ्याच जणांनी सहल लिहिली, महाबळेश्वर आणि स्ट्रॉबेरी. एकानं लिहिलं (त्याचं इंग्रजी इथे देवनागरीत देतोय): 'अवर बोअर फेल. फादर अगेन बोअर. अगेन फेल. मदर नॉट टॉक टू डे. आय गिव्ह वॉटर टू बफेलो फ्रॉम टँकर, शी ड्रिंक, आय काउंट बकेट.'

धड एक वाक्य नाही त्यात. क्रियापदं गायब, काळाचा पत्ता नाही, आर्टिकल तर औषधालाही नाही. पण साठ वह्यांत वाचण्यासारखी तेवढीच. आता लाल पेन घेऊन कुठून सुरुवात करायची? सगळं दुरुस्त केलं तर पान रक्तबंबाळ, आणि तो पुढच्या वेळी गुपचूप स्ट्रॉबेरी लिहिणार. सोडून दिलं तर पोरगा दहावीत आपटणार. वीसेक वर्षं फळ्यापुढे काढलेल्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

टवाळ_पाटील

मास्तर नाही, विद्यार्थी होतो. आमचे सर वही न उघडता सही करायचे. खात्री करायला एकानं पत्राच्या मध्येच कुरडयांची अख्खी कृती लिहिली, गहू भिजवण्यापासून. १० पैकी ८. दोन कुठे कापले ते आजवर कळलेलं नाही.

जुना_नियामक

पाटील, हसू आलं, पण बोर्डाच्या गठ्ठ्यातही हे सापडतं. मी दहावीच्या इंग्रजीचा परीक्षक होतो, पुढे नियामक, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले गठ्ठे पुन्हा बघणारा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

लालपेन सर, तुमच्या त्या पोराला नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे तपासलं तर पाचात एक मिळेल. दयाळू परीक्षक असेल तर दीड. महाबळेश्वरवाल्याला चार. परीक्षक दुष्ट असतो असं नाही हो. गठ्ठा ठरलेल्या तारखेला नियामकाकडे द्यायचा असतो आणि दोन परीक्षकांच्या गुणांत मेळ हवा असतो. पत्राचा मायना, पत्ता, तारीख, विषय, समारोप हे सगळे परीक्षक सारखंच तपासतात. 'वाचण्यासारखं' यावर दोघांचं जमत नाही, म्हणून मग मायन्याला भाव येतो.

आणि पस्तीसचं गणित विसरू नका. लेखी ८०, तोंडी-अंतर्गत २०. अंतर्गतचे वीस शाळा कसे देते ते आपण सगळे जाणतो. मार्च २०१९ ला भाषेचे हे वीस काढून शंभराचा पेपर केला, तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ते गुण परत आणावे लागले. वीस गुणांच्या आधारावर उभी राहिलेली पोरं किती आहेत ते त्या एका निकालानं दाखवलं. अशा पोराला मी पत्राचा सांगाडा पाठ करायला लावणारच. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

रेवती_अ

सांगाडा पाठ करून पास झालेलीच मुलं पुढे आमच्याकडे येतात ना सर. मी अभियांत्रिकीला कम्युनिकेशन स्किल्स शिकवते. नोकरीच्या अर्जाला 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' अशी सुरुवात करणारी मुलं अजून येतात. वाक्य कुठून आलं विचारलं की म्हणतात, दहावीला होतं.

जुना_नियामक

आली ना तुमच्यापर्यंत? नापास झाली असती तर कुणाला शिकवलं असतंत?

अनुस्वार

इथे भांडण व्हायच्या आत थोडं अभ्यासाचं बोलतो. विषय एम.फिल.ला होता, म्हणून खाज.

चुका दुरुस्त करून देण्याचा उपयोग होतो का, यावर इंग्रजी शिकवणाऱ्यांत पंचवीस-तीस वर्षं जुंपलेली आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी सरळ लिहिलं की दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं सोडून द्या, फायदा नाही, उलट मुलं चूक होऊ नये म्हणून सोपं आणि थोडकं लिहायला लागतात. डॅना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं, की कशी दुरुस्ती करता यावर सगळं आहे, सरसकट मोडीत काढू नका. वाद मिटलेला नाही.

पण लालपेन सरांना लगेच वापरता येईल असं एक त्याहून जुनं आहे. रिचर्ड हॅसवेल नावाचे अमेरिकन प्राध्यापक, १९८३ चा लेख. ते चूक दुरुस्त करत नव्हते, चुकीखाली रेघही ओढत नव्हते. ज्या ओळीत चूक, तिच्या समासात फक्त एक फुली. दोन चुका असतील तर दोन फुल्या. वही परत, मुलानं स्वतः शोधायचं. त्यांच्या मुलांनी निम्म्याहून जास्त चुका स्वतःच शोधून सुधारल्या. म्हणजे त्या चुका न येण्याच्या नव्हत्याच, न बघण्याच्या होत्या. मास्तरचं लाल पेन उरलेल्यांवर चालवायचं.

तीन मिनिटांचं पान एका मिनिटात होतं. नऊ तासांचे तीन.

लालपेन

अनुस्वार, हे झकास आहे. एकच शंका. त्यांची मुलं कॉलेजातली, इंग्रजी मातृभाषेची. माझ्या पोराला फुली दिसली तरी तिथे काय हवं ते माहीतच नसेल तर?

अनुस्वार

बरोबर. म्हणून सरसकट फुली चालणार नाही. जे शिकवून झालंय, तेवढ्यालाच फुली. साधा भूतकाळ झालाय ना नववीपर्यंत? मग या महिन्यात फक्त भूतकाळाच्या चुकांना फुल्या. आर्टिकलकडे डोळेझाक. 'गिव्ह'चं 'गेव्ह' तो नक्की करील.

न्यूजर्सीकर

लालपेन, साठची तुकडी वाचून पोटात गोळा आला. मूळची कोल्हापूरची, इथे दोन कम्युनिटी कॉलेजांत पहिल्या वर्षाला लेखन शिकवते. इथे 'इंग्रजी शिकवणं' आणि 'लेखन शिकवणं' हे जवळजवळ दोन वेगळे धंदे आहेत, आणि दुसऱ्याला मान कमी.

इथल्या इंग्रजी शिक्षकांची संघटना आहे, नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश, १९११ पासूनची. तिच्यातल्या कॉलेजच्या लेखनशिक्षकांच्या शाखेची शिफारस अशी की लेखनाच्या वर्गात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत, पंधरा असली तर उत्तम. एका शिक्षकाकडे सत्रात लेखनाची एकूण साठच्या वर नकोत. सगळीकडे पाळतात असं नाही, पण भांडायला कागद तरी हातात असतो.

आता दुसरी बाजू. मी अ‍ॅडजंक्ट, म्हणजे तुमच्याकडचे तासिका तत्त्वावरचे. पैसे कोर्समागे. पुढच्या सत्राला वर्ग भरला नाही तर कोर्स रद्द, घरी बसा. दोन कॉलेजांमध्ये पाऊण तासाचं ड्रायव्हिंग, निबंध गाडीच्या डिकीत. ऑफिस नाही, मुलं भेटायला आली तर कॅफेटेरियात बसवते. वीस वर्षं हेच करणाऱ्या बायका माझ्यासोबत आहेत, शिकवण्यात एकेक वाघीण, आणि पगार पहिल्या दिवशी आलेल्याच्या आसपास.

एक करून बघा. दर निबंधानंतर प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलते, वही मध्ये ठेवून. 'इथे तुला काय म्हणायचं होतं?' एवढंच विचारायचं. तो तोंडी जे सांगतो ते लिहिलेल्यापेक्षा नेहमी चांगलं असतं. मग म्हणायचं, हे लिही.

सीएचबीवाला

ताई, 'तुमच्याकडचे तासिका तत्त्वावरचे' वाचून हात वर करतो. नेट, सेट, पीएच.डी. तिन्ही आहे. वरिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी, दरवर्षी नवी मुलाखत, नवा आदेश, मानधन कधी चार महिन्यांनी तर कधी वर्ष संपता संपता एकदम. उन्हाळ्यात शून्य. सर्टिफिकेटवर 'अनुभव' मोजायचा झाला तर दरवेळी काही महिन्यांचाच निघतो.

प्रथम वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीला हजेरीपटावर शंभर, समोर तीस. वह्या तपासायच्या गोष्टी मला चैनीच्या वाटतात. मला तासाचे पैसे आहेत, वहीचे नाहीत. राग मानू नका, पण मी तपासत नाही.

रेवती_अ

राग कसला. निदान खरं बोललात.

कुंदा_मॅडम

लालपेन सर, तुमच्यासारखीच मी. इंग्रजीत एम.ए., बी.एड., पोरांच्या वह्या घरी नेऊन तपासणारी. मग सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापिका झाले. अभिनंदनाचे हार सुकायच्या आत कळलं की इंग्रजी संपलं. शालार्थवर पगारबिलं, यू-डायसला शाळेची माहिती, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) एक पद उडतंय ते वाचवायला कुठली पोरं गोळा करायची. आठवड्याला थोड्या तासिका घ्यायच्या असतात, त्यातल्या निम्म्या मीटिंगमध्ये जातात.

आपल्याकडे चांगल्या शिक्षकाला वर चढायला एकच शिडी, आणि ती वर्गाच्या बाहेर नेते. वरिष्ठ श्रेणी बारा वर्षांनी, निवडश्रेणी चोवीस वर्षांनी. दोन्हींसाठी ऑनलाईन प्रशिक्षण, व्हिडिओ, स्वाध्याय. माझ्या आठवणीत तरी एकदाही कुणी विचारलं नाही, 'तुमच्या मुलांनी लिहिलेलं दाखवा.'

एवढं मात्र करते. मुख्याध्यापक म्हणून वह्या बघायला मागते तेव्हा सही मोजत नाही. सगळ्या वह्यांत मजकूर सारखा असेल तर त्या मॅडमना बोलावते. वेगवेगळा आणि चुकीचा असेल तर काही बोलत नाही. शिक्षकांना आधी विचित्र वाटलं.

जुना_नियामक

कुंदा मॅडम, हे आवडलं. पण विस्ताराधिकारी वही उघडून चुका मोजायला लागले की तुम्ही काय सांगता?

कुंदा_मॅडम

चहा सांगते, सर.

रानवाटा

जिल्हा परिषद, उच्च प्राथमिक, पदवीधर शिक्षक (भाषा). मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही माझ्याकडे, सहावी ते आठवी. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं त्याच्या थोडं नंतर लागलो. तेव्हा पहिलीच्या बाईंना स्वतःलाच इंग्रजी बोलायची धास्ती. कॅसेट लावून गाणी म्हणायच्या. त्या पहिलीतली पोरं २०१० ला दहावीला बसली. आज त्यांची पोरं माझ्याकडे आहेत आणि आईबाप घरी थोडंफार इंग्रजी वाचून दाखवतात. हा बदल मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून 'सगळं वाया गेलं' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

बाकी वह्यांचं सोडा, सध्या माझीच वही तपासली जातेय. १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्यांनी वाचलाच असेल. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं, मग तुम्ही कधीही लागलेले असा. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती हवी असेल तर परीक्षा आहेच.

आता पेपर दोनची मजा बघा. १५० गुण. बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०. उरलेले ६० एक तर गणित-विज्ञान, नाहीतर सामाजिक शास्त्र. मी भाषेचा माणूस, म्हणजे अक्षांश-रेखांश आणि मौर्य साम्राज्य पाठ करतोय. सगळे प्रश्न पर्यायी. इंग्रजीच्या शिक्षकाला इंग्रजीचं एक वाक्यसुद्धा स्वतः लिहावं लागत नाही. पास व्हायला ९० हवेत. रात्री पोरगी तिच्या अभ्यासाला बसते, मी माझ्या. ती मला सनावळी विचारते आणि चुकलं की टपली मारते.

टवाळ_पाटील

फुली मारायला सांगा तिला. उत्तर स्वतः शोधा.

डिचोलीची_बाई

गोव्यातून. आमच्याकडे गुंता निराळा. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणी माध्यम, आणि पाचवीत गेल्यावर बहुतेक ठिकाणी सगळंच इंग्रजीत. मूल सुट्टीत बदलत नाही, माध्यम मात्र बदलतं. जूनमध्ये तेच मूल विज्ञानाच्या पेपरात इंग्रजीत उत्तरं लिहायला बसतं, जमत नाही, आणि विज्ञानाच्या सरांपासून इतिहासाच्या बाईंपर्यंत सगळे माझ्याकडे बघतात. 'तुमचं इंग्रजी कच्चं, म्हणून आमचा निकाल खाली.' पाचवीची इंग्रजी शिक्षिका म्हणजे सगळ्या विषयांची गुन्हेगार.

मी पहिले तीन महिने मुलांना मराठीत लिहू देते. खरंच. आधी मराठीत पाच ओळी, मग त्यातल्या जमतील तेवढ्या इंग्रजीत. कुणाच्या दोन होतात, कुणाची एक. वरिष्ठांना पटत नाही, पालकांना तर मुळीच नाही, इंग्रजी शाळेत मराठी कशाला म्हणून भांडायला येतात. पण दिवाळीनंतर त्या मुलांना सांगायला काहीतरी असतं. थेट इंग्रजीत लिहायला लावलेली मुलं 'माय स्कूल इज व्हेरी बिग' वर अडकून बसतात. शाळा दोन खोल्यांची असली तरी बिग.

लालपेन सर, तुमचा म्हशीवाला मुलगा मराठीत विचार करून सरळ लिहितोय, म्हणून ते जिवंत आहे. वाक्यरचना मराठीचीच आहे बघा.

न्यूजर्सीकर

बाई, अगदी. माझ्या वर्गात स्पॅनिश बोलणारी मुलं असतात, त्यांनाही हेच करू देते.

रेवती_अ

कुणीच एआयचं काढलं नाही? माझ्याकडे आता 'आय बेग टू स्टेट' कमी होत चाललंय. त्याऐवजी सगळ्यांची पत्रं गुळगुळीत, एकाच घाटाची. चूक शोधून सापडत नाही आणि वाचून काही आठवत नाही. मी घरचं लेखन गुणांसाठी घेणंच बंद केलं. वर्गात, कागदावर, वीस मिनिटं, मोबाईल टेबलावर. विद्यापीठाच्या फाईलला पुरावा म्हणून टाईप केलेलं लागतं ते त्यांनी नंतर करावं. पूर्वी वाईट हस्ताक्षराला शिव्या घालायचे, आता खाडाखोड दिसली की बरं वाटतं.

जुना_नियामक

फळ्यावरून उतरवलेलं पत्र आणि हे, दोन्हींत पोरगं कुठे आहे सांगा. आम्ही निदान मायना तरी शिकवायचो.

सीएचबीवाला

रेवती मॅडम, वर्गात वीस मिनिटं हे मलाही जमेल. तासातच होतं, घरी न्यायला नको. समोरच्या तीसांतल्या दहा वह्या एका तासाला, पुढच्या तासाला दुसऱ्या दहा. समासात फुल्या मारून तिथेच परत. तासाच्या पैशात बसतंय.

लालपेन

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

नववीला सुरू केलंय. आठवड्याला वीसेकच वह्या, म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन आठवड्यांनी. या महिन्यात फक्त भूतकाळ. वह्या परत दिल्यावर पहिली दहा मिनिटं वर्गात नुसता गोंधळ, 'सर, इथे काय चुकलंय?' मी सांगत नाही म्हटल्यावर शेजारच्याला विचारायला लागले. कोण 'ब्रिंग'चं 'ब्रिंग्ड' करतंय, दुसरा म्हणतोय 'ब्रँग', तिसरी पुस्तकाच्या मागचा तक्ता काढून दोघांना खोटं पाडतेय. व्याकरणाच्या तासाला एवढा आवाज माझ्या वर्गात कधी झाला नव्हता. शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या बाई बघून गेल्या.

डिचोलीच्या बाईंचं मराठी-आधी आठवीला करून बघणार. कुंदा मॅडमसारखे मुख्याध्यापक आमच्याकडे नाहीत, त्यामुळे सहीची वही वेगळी आणि ही वेगळी. दोन वह्या. पोरांच्या पाठीवरचं ओझं वाढलं, कबूल.

जुना_नियामक

चांगलं आहे. फक्त दहावीला सराव परीक्षा सुरू झाल्या की हे प्रयोग बंद. तेव्हा पत्ता उजवीकडे की डावीकडे एवढंच बोलायचं.

लालपेन

मान्य, सर. दहावीला हातच लावलेला नाही.

अनुस्वार

लालपेन, फुल्यांची मुलांना सवय झाली की मग दोन-तीन चिन्हं वाढवा. काळाला फुली, गळलेल्या शब्दाला काकपद, आणि 'हे कळलं नाही, अजून सांग' याला प्रश्नचिन्ह. याच्या वर जाऊ नका, नाहीतर पोरं चिन्हंच पाठ करत बसतील. प्रश्नचिन्ह जास्त वापरा. त्या म्हशीच्या वाक्याला मी तेच दिलं असतं, किती बादल्या झाल्या ते लिहिलंच नाहीये त्यानं.

रानवाटा

वाचनखूण साठवली. अवांतर, पण कुणाकडे टीईटी पेपर दोनच्या सामाजिक शास्त्राच्या मराठीतल्या टिपणांची पीडीएफ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इतिहास होत आलाय, राज्यघटना आणि भूगोल हवाय. भूगोलाची घाई आहे.